कधी कधी आत वळणारा डोळा: एकाच चार्टवर तीन कोड, यांतला योग्य कोणता?

प्रश्न: नवी कोडर, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात मिहानच्या बाजूला असलेल्या एका कार्यालयात गेल्या आठ महिन्यांपासून अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण चार्टचे कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरलेले कोड देते. माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात झाले असून डोळ्यांविषयी जे काही कळते ते कामावरच शिकले आहे, त्यामुळे प्रश्नात काही चुकीचे गृहीत धरले असेल तर निःसंकोच सांगावे.

चार्ट पाच वर्षांच्या एका मुलाचा आहे. ओळख पटेल असे काहीही येथे देत नाही आणि मोजमापांचे आकडेही थोडे बदलले आहेत, परंतु कोडच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर जसाच्या तसा आहे. आईची तक्रार अशी, की संध्याकाळी मूल दमले किंवा चित्रांचे पुस्तक जवळ धरून बसले की डोळा आत जातो. सकाळी मात्र डोळे सरळ असतात. तंत्रज्ञाच्या नोंदीत एकच ओळ आहे: ‘उजवा डोळा आत सरकताना दिसला, पापणी मिटल्यावर परत आला.’ त्यानंतर डॉक्टरांची तपासणी येते. अल्टरनेट कव्हर टेस्ट, चष्म्याशिवाय, लांबच्या लक्ष्याला २० प्रिझम डायॉप्टर (डोळा किती वळतो ते मोजण्याचे एकक), जवळच्या लक्ष्याला ३०, आणि दोन्ही आकड्यांच्या शेजारी ‘ई’ व कंसात ‘टी’. औषध घालून काढलेला नंबर दोन्ही डोळ्यांत +४.००. शेवटी निदानाच्या रकान्यात इतकेच लिहिले आहे: ‘इंटरमिटंट ईटी, अकोमोडेटिव्ह’, म्हणजे अधूनमधून आत वळणारा डोळा (ईटी हे इसोट्रोपियाचे लघुरूप), स्पष्ट पाहण्याच्या प्रयत्नाशी जोडलेला. उपाय म्हणून पूर्णवेळ चष्मा सांगितला आहे.

मी आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेतील निदान-कोडांच्या यादीच्या, इंडेक्समध्ये ‘इसोट्रोपिया’ हा शब्द काढला. तेथून ‘स्ट्रॅबिस्मस, कन्व्हर्जंट कॉन्कॉमिटंट’ पाहावे असा निर्देश मिळतो, म्हणून तेथे गेले, आणि चार्टमध्ये ‘अल्टरनेट’ हा शब्द नुकताच वाचलेला असल्यामुळे एच ५०.०५, म्हणजे अल्टरनेटिंग (पाळीपाळीने दोन्ही डोळ्यांचा) इसोट्रोपिया, हा कोड दिला. पहिल्या ऑडिटरने तो खोडून एच ५०.३११, म्हणजे उजव्या डोळ्याचा इंटरमिटंट मोनोक्युलर (एकाच डोळ्याचा) इसोट्रोपिया, असा बदल केला. माझ्या विनंतीवरून चार्ट दुसऱ्या ऑडिटरकडे गेला, तेव्हा त्यांनी तोही नाकारून एच ५०.४३, म्हणजे इसोट्रोपियातील अकोमोडेटिव्ह घटक, एवढा एकच कोड ठेवला.

माझे गुण गेले याचे फारसे वाटत नाही. पण एकाच कागदातून तिघांना तीन वेगळी निदाने दिसत असतील, तर त्या मुलाच्या नोंदीत पुढची कित्येक वर्षे नेमके काय राहणार, हा विचार मनातून जात नाही. या मजकुरावरून योग्य कोड कोणता, आणि तो कोणत्या वाटेने शोधायला हवा होता, हे कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १: ऑर्थोऑप्टिस्ट, धंतोली

ताई, कोडच्या पुस्तकात मला गती नाही, ते जाणकार सांगतीलच. मी एका नेत्र रुग्णालयात लहान मुलांच्या तिरळेपणाची तपासणी करते, त्यामुळे तुमच्या हाती येणारा कागद आमच्या खोलीत कसा तयार होतो तेवढे सांगते. तुमची चूक कोडच्या आधी, तपासणीचे शब्द वाचतानाच झाली आहे असे मला वाटते, आणि ती अगदी सहज होण्यासारखी आहे.

आम्ही झाकणाने दोन चाचण्या करतो आणि त्या दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिल्या, कव्हर-अनकव्हर चाचणीत मी मुलाचा एक डोळा झाकते आणि उघड्या डोळ्याकडे पाहते. झाकताक्षणी उघडा डोळा आतून बाहेर सरकून लक्ष्यावर आला, तर तो आधीपासून आत वळलेला होता. हा ट्रोपिया, म्हणजे प्रत्यक्ष तिरळेपणा. उघडा डोळा हललाच नाही, पण झाकण काढल्यावर झाकलेला डोळा आत गेलेला आढळला आणि लगेच आपोआप जागेवर आला, तर तो फोरिया, म्हणजे दबून राहिलेला कल. दुसऱ्या, अल्टरनेट कव्हर चाचणीत मी दोन्ही डोळ्यांना एकदाही एकत्र पाहू न देता झाकण या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत राहते आणि डोळ्यांची हालचाल थांबेपर्यंत प्रिझम वाढवत जाते. यातून एकूण कोन मिळतो, दबलेला आणि दिसणारा मिळून. या चाचणीच्या नावातला ‘अल्टरनेट’ हा शब्द झाकणाविषयी आहे, डोळ्याविषयी नाही. झाकण आलटूनपालटून फिरले म्हणून डोळे आलटूनपालटून वळतात असे होत नाही. डोळा एकाच बाजूचा वळत असला तरी मोजणी याच चाचणीने होते.

आता त्या खुणांविषयी. नुसता ‘ई’ म्हणजे इसोफोरिया, नुसते ‘ईटी’ म्हणजे सतत आत वळलेला डोळा, आणि ‘टी’ कंसात असेल तर वळणे अधूनमधून आहे, म्हणजे मूल काही वेळ डोळे सरळ ठेवू शकते. अक्षराच्या खांद्यावर छोटी तिरकी रेघ असेल तर ते माप जवळच्या लक्ष्याचे. तो कंस टंकलेखनात किंवा स्कॅनमध्ये गळून पडला की सगळा अर्थच बदलतो, म्हणून अंधूक प्रत असेल तर मोठी करून पाहा.

डोळा वळतो कसा, हेही थोडे सांगते, कारण ‘अकोमोडेटिव्ह’ हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. +४.०० नंबर असलेल्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातले भिंग सतत फुगवावे लागते, आणि भिंग फुगवण्याच्या त्या प्रयत्नाशी दोन्ही डोळे आत आणण्याची क्रिया जोडलेली असते. प्रयत्न जितका जास्त, तितकी आतली ओढ जास्त. सकाळी मूल ताजेतवाने असते तेव्हा ते ही ओढ दाबून धरते. दमले, ताप आला किंवा पुस्तक जवळ घेतले की पकड सुटते. हा प्रकार बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात सुरू होतो, सुरुवातीला असाच ‘कधी कधी’ असतो, आणि चष्म्याशिवाय राहिल्यास पुष्कळदा कायमचा होतो.

हे किती निसटते असते ते पाहा. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती. शिकाऊ विद्यार्थ्याने तिच्यापुढे टॉर्च धरला, डोळे सरळ दिसले आणि त्याने तसे लिहिलेही. मी टॉर्च बाजूला ठेवून काडीवर चिकटवलेले मांजरीचे नखाएवढे चित्र तिच्यापुढे धरले आणि मिशा मोजायला सांगितल्या. तीन मोजून होईपर्यंत डावा डोळा नाकाकडे गेला होता. टॉर्चचा उजेड पाहायला भिंग फुगवावे लागत नाही, मिशा मोजायला लागते. तेव्हा एखाद्या नोंदीत ‘सरळ’ आणि दुसरीत ‘आत’ असेल, तर दोघांपैकी एक खोटे लिहीत आहे असे समजू नका.

राहिला प्रश्न कोणत्या डोळ्याचा. तंत्रज्ञाने एक क्षण पाहिला आणि त्या क्षणी उजवा डोळा गेला, एवढाच त्या ओळीचा अर्थ. डावा डोळा झाकून उजव्याने पाहायला लावल्यावर, झाकण काढल्यानंतरही मूल पापणी मिटेपर्यंत उजव्यानेच पाहत राहते का, हे तपासल्याशिवाय ‘एकच डोळा’ असे म्हणता येत नाही.

उत्तर २: कोडिंगचा विद्यार्थी, मानेवाडा

मी अजून सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारीच करत आहे. दोन्ही डोळे आत जात असण्याची शक्यता आहे, तर मग एच ५०.३११ आणि एच ५०.३१२ असे उजव्याचे आणि डाव्याचे दोन्ही कोड एकत्र दिले तर चालणार नाही का? काही आजारांत दोन्ही डोळ्यांचा वेगळा कोड नसेल तर आम्हाला क्लासमध्ये तसेच शिकवले आहे.

उत्तर ३: कोडिंग प्रशिक्षक, त्रिमूर्तीनगर

आधी मानेवाड्याच्या मित्राचा मुद्दा घेतो, कारण तो नियम खरा आहे, फक्त येथे लागू होत नाही. दोन्ही बाजूंचा वेगळा कोड नसेल तर उजवा आणि डावा असे दोन कोड द्यावेत, हे बरोबर आहे. परंतु तिरळेपणात ‘मोनोक्युलर’ हा शब्द बाजू सांगत नसून प्रकार सांगतो: नेहमी एकच डोळा लक्ष्य सोडतो आणि दुसरा पाहत राहतो. दोन्ही डोळे पाळीपाळीने लक्ष्य सोडत असतील तर तो अल्टरनेटिंग हा वेगळा प्रकार होतो आणि त्याला स्वतःचा कोड आहे, एच ५०.३२. एकाच मुलाला एकाच भेटीत दोन मोनोक्युलर कोड देणे म्हणजे ‘नेहमी फक्त उजवा’ आणि ‘नेहमी फक्त डावा’ ही दोन विधाने एकाच कागदावर करणे होय.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमचा इंडेक्समधला मार्गच तुम्हाला एच ५०.० या गटात घेऊन गेला, आणि तो गट सतत आत वळलेल्या डोळ्यांचा आहे. इसोट्रोपिया या शब्दापासून सुरुवात केली की ‘इंटरमिटंट’ हे विशेषण वाटेत गळते, हा अनुभव मी प्रत्येक तुकडीत पाहतो. ‘स्ट्रॅबिस्मस’ या मुख्य शब्दाखाली ‘इंटरमिटंट’ ही स्वतंत्र उपनोंद आहे. तेथून मोनोक्युलर की अल्टरनेटिंग, आणि मग इसोट्रोपिया की एक्झोट्रोपिया (बाहेर वळणारा), असे उतरत गेले की एच ५०.३ या गटात पोहोचता येते. त्यात एच ५०.३० हा प्रकार न सांगितलेला, एच ५०.३११ उजव्या डोळ्याचा आत वळणारा, एच ५०.३१२ डाव्या डोळ्याचा, एच ५०.३२ पाळीपाळीने आत वळणारा, आणि त्यापुढचे एच ५०.३३१, एच ५०.३३२ व एच ५०.३४ हे बाहेर वळणाऱ्या डोळ्यांचे. लक्षात घ्या, की मोनोक्युलर आत वळण्याच्या कोडमध्ये शेवटचा अंक फक्त १ किंवा २ आहे. ‘डोळा कोणता ते सांगितलेले नाही’ असा ९ हा अंक येथे नाही. इतर अनेक नेत्रविकारांत तो असतो, म्हणून सवयीने लावला जातो आणि क्लेम अवैध कोड म्हणून परत येतो.

हा भेद जुनाही आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पूर्वी आयसीडी-९-सीएम वापरात होते, तेव्हाही ३७८.२१ हा इंटरमिटंट मोनोक्युलर आणि ३७८.२२ हा इंटरमिटंट अल्टरनेटिंग इसोट्रोपियाचा कोड होता. आयसीडी-१०-सीएमने त्यात डोळ्याची बाजू वाढवली, इतकेच.

पहिल्या ऑडिटरचा एच ५०.३११ का टिकत नाही, हे नीट पाहावे लागेल, कारण त्यांच्या बाजूने एक खरा नियम आहे. अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनुसार, डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर रुग्णाच्या नोंदीतील इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या लेखनावरून ती घेता येते, आणि नोंदींमध्ये परस्परविरोध असेल तर डॉक्टरांना विचारावे लागते. ऑडिटरने तंत्रज्ञाची ओळ त्याच आधारावर घेतली असणार. परंतु ही सवलत बाधित बाजूपुरती आहे, निदानासाठी नाही. निदान डॉक्टरांचेच असावे लागते. येथे डॉक्टरांनी ‘मोनोक्युलर’ लिहिलेलेच नाही, आणि ते ठरल्याशिवाय बाजूचा प्रश्न उद्भवतच नाही. धंतोलीच्या ताईंनी तपासणीच्या अंगाने जे सांगितले, तेच कोडिंगच्या नियमाच्या अंगाने असे दिसते.

दुसऱ्या ऑडिटरने फक्त एच ५०.४३ ठेवला, त्यामागे ‘कारण सांगणारा कोड दिला की पुरे’ असा विचार असावा. मला तो अपुरा वाटतो. एच ५०.४३ एवढेच सांगतो, की वळण्यात अकोमोडेशनचा वाटा आहे; डोळा सतत वळलेला आहे की अधूनमधून, हे तो सांगत नाही. या वयात मुलाची दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता टिकून आहे की हातची जात आहे, याचा अंदाज त्या ‘अधूनमधून’ या शब्दावरच बांधला जातो. टॅब्युलर यादीत, म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीत, या दोन कोडना एकत्र देण्यास मनाई करणारी टीप नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, तर दोन्ही कोडमध्ये उतरल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आज, याच मजकुरावर, दुसरे काही न विचारता क्लेम पाठवायचाच असेल तर एच ५०.३० आणि एच ५०.४३. मात्र हा तडजोडीचा मार्ग आहे. एच ५०.३० मध्ये डोळा आत वळतो की बाहेर हेसुद्धा येत नाही. योग्य मार्ग म्हणजे डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवणे. ती लिहिताना उत्तर सुचवू नका. ‘हा उजव्या डोळ्याचा मोनोक्युलर आहे ना?’ असे विचारणे नियमात बसत नाही. साधारण असे लिहा: ‘निदानात इंटरमिटंट ईटी, अकोमोडेटिव्ह, अशी नोंद आहे. तंत्रज्ञाच्या नोंदीत उजवा डोळा आत सरकल्याचा उल्लेख आहे. कृपया प्रकार स्पष्ट करावा: मोनोक्युलर (उजवा), मोनोक्युलर (डावा), अल्टरनेटिंग, अन्य, किंवा सांगता येत नाही.’

आणखी दोन ठिकाणी सावध राहा. +४.०० हा आकडा आहे, निदान नाही. आकडा पाहून आपण एच ५२.०३, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा हायपरमेट्रोपिया (प्लस नंबरचा दृष्टिदोष), द्यायचा नसतो. तो शब्द डॉक्टरांनी लिहायला हवा. त्याच क्वेरीत तेही विचारून घ्या. तसेच, पुढच्या भेटीत ‘उजव्या डोळ्याचा ॲम्ब्लिओपिया’ (मंद झालेली दृष्टी) असे आले, तर तिरळेपणा आहे म्हणून तो एच ५३.०३१, म्हणजे तिरळेपणामुळे आलेला, असे स्वतः ठरवू नका. असमान नंबरामुळे आलेला असेल तर कोड एच ५३.०२१ होतो, आणि दोहोंतला कार्यकारणसंबंध डॉक्टरांनीच जोडायचा असतो.

उत्तर ४: विमा कक्ष, रामदासपेठ

वरची चर्चा वाचून आपल्याकडच्या क्लेमविषयी लिहावेसे वाटले, कारण नागपुरात दोन्ही प्रकारचे काम करणारे लोक आहेत आणि एकीकडची सवय दुसरीकडे नेली की घोटाळा होतो. मी एका रुग्णालयात कॅशलेस मंजुरीचे काम पाहतो. आपल्या आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचा जो भाग रुग्णालय भरते, त्यात आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. तेथे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ यादी वापरली जाते. आयसीडी-१०-सीएम हा अमेरिकेने आपल्या गरजेसाठी वाढवलेला अवतार आहे. मूळ यादीत एच ५०.३ हा एकच कोड आहे, इंटरमिटंट हेटेरोट्रोपिया (अधूनमधूनचा तिरळेपणा). आत वळणारा, बाहेर वळणारा, एका डोळ्याचा, पाळीपाळीचा, सगळे त्यातच. उजवा-डावा तर नाहीच.

याचा परिणाम असा होतो, की कोडने जे सांगायचे ते शब्दांनी सांगावे लागते. आमच्याकडे एका मुलीच्या शस्त्रक्रियेच्या अर्जावर नुसता एच ५०.३ आणि ‘स्क्विंट’ एवढेच लिहून गेले होते. चष्मा वर्षभर लावूनही तिचा काही कोन शिल्लक राहत होता आणि जवळचे पाहताना तिला दोन-दोन दिसत होते, पण हे कागदावर कोठेच नव्हते. समोरून विचारणा आली, की ही शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी, म्हणजे कॉस्मेटिक, आहे काय. कारण सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेल्या असतात. तिचे वडील माझ्या टेबलासमोर उभे होते आणि ‘साहेब, पोरीला दोन अक्षरे दिसतात, यात दिसण्याचा काय संबंध?’ असे विचारत होते. डॉक्टरांकडून चष्म्यासह व चष्म्याविना मोजलेले कोन, दुहेरी दिसण्याची तक्रार आणि स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जाणवण्याच्या) चाचणीचा निष्कर्ष असे पत्र घेऊन पाठवल्यावर मंजुरी मिळाली. ते तीन दिवस त्या घराने कसे काढले असतील, ते आठवले की आजही मी पहिल्याच अर्जाला हे पत्र जोडतो.

दुसरी चूक ‘जन्मजात’ या शब्दाची. आईवडील बोलण्याच्या ओघात ‘जन्मापासूनच आहे’ म्हणतात आणि कोणीतरी ते इतिहासाच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवते. बाह्य जन्मजात व्यंगांवर अनेक पॉलिसींत बंधन असते. खरे म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ बाळांचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात आणि ते बहुधा आपोआप सुधारते; त्यानंतरही वळणे टिकले, तर ते नेमके कधीपासून, हे घरच्यांना जुने फोटो पाहून सांगायला लावावे. आणि जन्मजात असे लिहिले तरी तिरळेपणाचा कोड व्यंगांच्या क्यू प्रकरणात जात नाही, तो एच ५० मध्येच राहतो.

उत्तर ५: नवी कोडर, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी क्वेरी त्रिमूर्तीनगरच्या सरांनी सुचवलेल्या शब्दांत पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत ऑर्थोऑप्टिस्ट ताईंना एक विचारते. माझ्याकडे दुसरा एक चार्ट आहे, ज्यात ‘चष्म्यासह सरळ, चष्म्याशिवाय ईटी २५’ असे लिहिले आहे. म्हणजे डोळा कधी सरळ असतो आणि कधी आत असतो. मग हाही इंटरमिटंट समजायचा का? आमच्या गटातील बहुतेकांनी आजवर तसेच समजून एच ५०.३ गटातले कोड दिले आहेत.

उत्तर ६: ऑर्थोऑप्टिस्ट, धंतोली

नाही ताई, आणि हे तुम्ही विचारले ते फार बरे झाले. ‘इंटरमिटंट’ म्हणजे परिस्थिती तीच असताना मूल कधी डोळे सरळ ठेवू शकते आणि कधी नाही. तुमच्या दुसऱ्या चार्टमधल्या मुलाचा डोळा चष्मा काढला की दर वेळी आत जातो आणि चष्मा लावला की दर वेळी सरळ होतो. त्यात ‘कधी कधी’ काही नाही. चष्म्याशिवाय तो सतत आहे, म्हणूनच तपासणाऱ्याने ‘टी’ कंसात टाकलेला नाही. हा पूर्णपणे अकोमोडेटिव्ह प्रकार वाटतो, पण तो शब्द निदानात आहे का ते पाहा. तुमच्या पहिल्या मुलाचे चष्म्याशिवायचेच माप कंसातले होते, हा दोन चार्टमधला खरा फरक आहे.

एखाद्या चार्टमध्ये डोळा अचानक सतत आत जाऊ लागल्याचे, दोन-दोन दिसत असल्याचे आणि डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नसल्याचे लिहिले असेल, तर तेथे विचार वेगळाच करावा लागतो, सहाव्या मज्जातंतूच्या दुबळेपणाचा. ते निदान डॉक्टरांनी लिहिलेले असल्याशिवाय तुम्ही काही ठरवू नका, मात्र अशी नोंद इंटरमिटंटच्या कोडखाली दडपली जाऊ देऊ नका.

उत्तर ७: कोडिंग प्रशिक्षक, त्रिमूर्तीनगर

वरच्या उत्तराला कोडची जोड देतो. त्या दुसऱ्या चार्टमध्ये ‘अकोमोडेटिव्ह इसोट्रोपिया’ असे निदान असेल तर एच ५०.४३. नुसते ‘ईटी’ असेल आणि प्रकार लिहिलेला नसेल तर एच ५०.००, आणि पुन्हा क्वेरी. सहाव्या मज्जातंतूचा पक्षाघात एच ४९.२ गटात जातो, एच ५० मध्ये नाही. तुमच्या गटाने याआधी पाठवलेले असे चार्ट असतील तर ते तुमच्या वरिष्ठांच्या कानावर घाला. कोड दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवण्याची रीत असते आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही.

जाता जाता एक सांगतो. याच चार्टवर ९२०६० ही सेन्सरिमोटर तपासणी (डोळ्यांच्या वळण्याची सविस्तर मोजणी) बिलात लावलेली असेल, तर अनेक दिशांतली किंवा अंतरांवरची मोजमापे आणि त्यांचा लिहिलेला अर्थ व अहवाल चार्टमध्ये आहे का, हे पाहून घ्या. नेहमीच्या नेत्रतपासणीत झाकण फिरवून पाहिले, एवढ्यावर तो कोड टिकत नाही.

उत्तर ८: नवी कोडर, नागपूर

क्वेरीचे उत्तर आले. डॉक्टरांनी लिहिले आहे: ‘इंटरमिटंट अल्टरनेटिंग इसोट्रोपिया, अकोमोडेटिव्ह घटकासह. कोणत्याही डोळ्याने लक्ष्य धरता येते. दोन्ही डोळ्यांचा हायपरमेट्रोपिया.’ त्यानुसार एच ५०.३२, एच ५०.४३ आणि एच ५२.०३ असे तीन कोड दिले असून ऑडिटमध्ये ते मान्य झाले आहेत.

म्हणजे तंत्रज्ञाला त्या क्षणी उजवा डोळा दिसला होता हे खरे, पण तो एकटा उजवा नव्हता. आणि मी पहिल्यांदा लिहिलेला ‘अल्टरनेटिंग’ हा शब्द शेवटी निदानात आलाच, तरी मी तो चाचणीच्या नावातून उचलला होता आणि ‘इंटरमिटंट’ हा डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलेला शब्द सोडून दिला होता, हे मला विसरता येणार नाही.

काल रात्री मी गेल्या दोन महिन्यांतले माझे एच ५०.०५ चे सगळे चार्ट पुन्हा उघडले. एकूण नऊ निघाले. त्यांतल्या सहांमध्ये ‘अल्टरनेट’ हा शब्द फक्त कव्हर टेस्टच्या पुढे आहे, निदानात कोठेही नाही. आणि सहांपैकी दोघांच्या मापात ‘टी’ कंसात आहे. सहाही वरिष्ठांकडे दिले आहेत आणि क्वेरी मीच लिहिते आहे.